मट्टांचेरीतील एक दिवस

तुर्भे स्थानकावर उतरून बाजार समितीच्या आवाराकडे चालू लागले की मसाला बाजार दिसण्याआधी त्याचा वास भेटतो. मिरचीचा ठसका, धण्याचा हलका सुगंध, हळदीचा मातकट दरवळ आणि या सर्वांच्या तळाशी मिरीचा उष्ण, कोरडा वास. मशीद बंदरच्या अरुंद गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेला हा बाजार नव्वदच्या दशकाच्या आरंभी खाडी ओलांडून तुर्भ्याला आला. त्या स्थलांतरात आपला तराजू, चोपड्या आणि गिऱ्हाइकांची नावे घेऊन जे व्यापारी आले, त्यांत अण्णाही होते. मूळचे सांगलीकडचे. हळद घरच्या मुलखातून येई आणि मिरी कोचीहून.

कोची त्यांनी कधी पाहिली नव्हती. चाळीस वर्षे मिरी विकली, ती सगळी दूरध्वनीवर बोलून आणि नमुन्याच्या पुडीवर विश्वास ठेवून. मट्टांचेरीतील एक दलाल सकाळी भाव सांगत, अण्णा मोडक्या हिंदीत पोत्यांचा आकडा सांगत आणि चार वाक्यांत सौदा होई. पुडी आली की अण्णा मूठभर दाणे तळहातावर घेत, एक दाणा दाताखाली फोडत, मग लिटरचे माप भरून काट्यावर ठेवत. साधारण साडेपाचशे ग्रॅम भरले की दाणा भरीव. त्या मापाने त्यांना क्वचितच फसवले. एकदा मात्र अण्णांनीच त्या मापाला खोटे ठरवले.

ती गोष्ट २००१ सालच्या डिसेंबरातली. व्हिएतनामची मिरी जगाच्या बाजारात उतरली होती आणि इथले भाव महिन्यामहिन्याला कोसळत होते. अण्णांनी वरच्या भावात ४० पोती बांधली होती, म्हणजे २,००० किलो. माल तुर्भ्याला पोहोचला तोवर बाजार बराच खाली गेला होता. बाजार उतरला की मालात खोट दिसू लागते, हे व्यापारातले जुने दुखणे आहे. अण्णांनी दूरध्वनी करून सांगितले, ‘दाणा हलका आहे, ओल जास्त आहे,’ आणि किलोमागे ९ रुपये २० पैसे कापून घेतले. एकूण १८,४०० रुपये. पलीकडून क्षणभर काही आवाज आला नाही. मग दलाल म्हणाले, ‘तुम्ही म्हणता तर तसेच असेल, अण्णा.’ गाळ्यात त्या वेळी लिटरचे माप काट्यावरच होते, आणि काटा साडेपाचशेच्या किंचित पुढे थांबला होता.

सौदे पुढेही चालू राहिले. दलाल थकल्यावर त्यांनी काम सोडले, अण्णांचा गाळा मुलाकडे गेला. दरवर्षी भाद्रपदात दशलक्षण पर्व संपले की क्षमावाणीच्या दिवशी अण्णांच्या घरून दोनशेच्या आसपास पत्रे निघत. पुढे पत्रांची जागा मोबाइलवरील संदेशांनी घेतली. ‘कळत-नकळत झालेल्या अपराधांबद्दल क्षमा असावी,’ हा छापील मजकूर मट्टांचेरीलाही जाई. तिकडून हात जोडल्याचे चित्र येई. बावीस भाद्रपद असे गेले.

तेविसाव्या भाद्रपदात नातीने सहज विचारले, ‘अण्णा, हे दोनशे लोक कोण? सगळ्यांचे तुम्ही काय केलेत?’ नात ऐरोलीत संगणकाच्या कंपनीत काम करते. आजोबांच्या मोबाइलवरून संदेश पाठवण्याचे काम तिच्याकडे असते. अण्णा हसले, पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दोनशेंपैकी एकशे नव्याण्णवांचे आपण काय केले, हे त्यांना सांगता येत नव्हते. एकाचे मात्र रुपये-पैशांसह सांगता येत होते, आणि त्यालाही त्यांनी छापील मजकूरच पाठवला होता.

सकाळी त्यांनी पत्नीला सर्व सांगितले. बाजारात सगळे ज्यांना काकू म्हणतात त्या काकूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘ते अजून आहेत का?’ आहेत, असे कळले. ‘मग जाऊन यायचे. पत्राने व्हायचे असते तर एवढ्यात झाले असते.’

अशा रीतीने २०२४ सालच्या मार्गशीर्षात आजी, आजोबा आणि नात पनवेलला नेत्रावती एक्सप्रेसमध्ये बसली. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी गाळायचे स्वच्छ वस्त्र होते. नातीच्या मोबाइलमध्ये यादी होती. कोचीसाठी एकच दिवस हातात होता आणि यादीत चौदा ठिकाणे होती. डच राजवाडा, यहुदी प्रार्थनामंदिर, चिनी जाळी, चर्च, बाजार, किनारा आणि शेवटी पेरुंबावूरजवळचे कल्लिल. एका प्रचंड शिळेच्या आश्रयाने उभे असलेले हे मंदिर मूळचे जैन. तेथे पार्श्वनाथ, महावीर आणि पद्मावती यांच्या प्रतिमा आहेत. आज ते भगवतीचे मंदिर म्हणून पूजले जाते. अण्णांना मनातून सर्वाधिक ओढ त्या कल्लिलचीच होती.

दुसऱ्या दिवशी एर्नाकुलमला उतरून मुक्काम झाला. त्या रात्री अण्णांनी यादी वाचायला मागितली, पूर्ण वाचली आणि परत दिली. ‘उद्या देशावकाशिक करू,’ ते म्हणाले.

श्रावकाच्या बारा व्रतांत या व्रताची जागा ठरलेली आहे. जन्मभरासाठी दिशांची जी मर्यादा घातली असेल, ती एखाद्या दिवसापुरती अधिक आखडून घ्यायची. आज या नदीपलीकडे नाही, या पेठेबाहेर नाही. जिथे आपण जाणार नाही, तिथल्या आपल्या हव्यासाला आणि त्यातून घडणाऱ्या हिंसेला तेवढ्या वेळापुरती सुट्टी मिळते. घरात हे व्रत पर्वाच्या दिवशी पाळले जाई. सहलीला जाऊन ते घेण्याची कल्पना नातीला प्रथम विचित्र वाटली. एवढे पैसे खर्चून यायचे आणि वर स्वतःला बांधून घ्यायचे? अण्णांनी सीमा सांगितली : फोर्ट कोचीच्या धक्क्यापासून मट्टांचेरीपर्यंत, दोन-अडीच किलोमीटरचा पट्टा. त्याबाहेर काही नाही. कल्लिल आपोआपच यादीतून गेले. ते नाव अण्णांनी स्वतःच खोडायला सांगितले.

गुरुवारी सूर्योदय साडेसहाच्या सुमारास झाला. णमोकार मंत्र म्हणून, सूर्योदयानंतर दोन घटका जाऊ देऊन त्यांनी न्याहारी केली. केरळात कांदा, लसूण आणि ओले आले टाळून खायचे कसे, याची काकूंना धास्ती होती. पुट्टूने ती दूर केली. तांदळाचे जाडसर पीठ आणि ओल्या खोबऱ्याचा कीस यांचे थर नळकांड्यात घालून वाफवतात आणि सोबत पिकलेले केळे देतात. काकूंनी दुसऱ्यांदा मागून घेतले.

हायकोर्टाजवळच्या धक्क्यावरून जलमेट्रोच्या नौका फोर्ट कोचीला जातात. ही सेवा २०२३ साली सुरू झाली आणि फोर्ट कोचीचा मार्ग २०२४ च्या एप्रिलमध्ये खुला झाला. विजेवर चालणारी नौका आवाज न करता पाणी कापत निघाली. एका बाजूला वल्लारपाडमच्या उंच याऱ्या, दुसऱ्या बाजूला विलिंग्डन बेट. हे बेट निसर्गाने घडवलेले नाही. १९२० साली आलेले अभियंते रॉबर्ट ब्रिस्टो यांनी बंदराच्या तोंडाशी साचलेला वाळूचा बांध फोडून जहाजांना वाट करून दिली, आणि उपसलेल्या गाळातून हे बेट उभे राहिले. त्याच्याही कितीतरी आधी, १३४१ साली पेरियारला आलेल्या महापुराने मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळाने भरून टाकले आणि कोचीचे मुख मोकळे झाले, असे मानले जाते. एका बंदराचा अंत हीच दुसऱ्याची सुरुवात. मशीद बंदर सोडून तुर्भ्याला आलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

धक्क्यावर उतरताच चिनी जाळी दिसली. लाकडी ओंडक्यांच्या भल्यामोठ्या चौकटी, दोरांना लोंबणारे दगड, आणि त्या दगडांच्या भाराने वर-खाली होणारे जाळे. चार-सहा माणसे एका लयीत दोर ओढत होती. जाळे पाण्याबाहेर आले तेव्हा काकूंनी नजर वळवली आणि ओठांतल्या ओठांत काही म्हटले. नातीने छायाचित्रासाठी उचललेला मोबाइल खाली घेतला. अण्णा मात्र त्या माणसांच्या हातांकडे पाहत होते. त्यांत साठी उलटलेला एक म्हातारा होता, त्याच्या तळहातांना दोराने घट्टे पाडले होते. ‘याच्या पोटाची सोय दुसरीकडे लागो,’ असे अण्णा म्हणाले आणि पुढे चालू लागले. त्या माणसाबद्दल त्यांच्या बोलण्यात कटुता नव्हती.

संत फ्रान्सिस चर्च तेथून जवळच आहे. १५०३ साली पोर्तुगीजांनी येथे पहिले लाकडी चर्च उभारले, पुढे ते दगडी झाले. आत एका कठड्याने वेढलेली शिळा आहे. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, कोचीत वारला आणि येथे पुरला गेला. १५३९ साली त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. म्हणजे पाहायला येणारे लोक पाहतात ती रिकामी जागा. अण्णा तिथे बराच वेळ उभे राहिले. ज्या मिरीसाठी हा मनुष्य आफ्रिकेला वळसा घालून आला, जिच्यासाठी पुढे तोफा चालल्या, ती त्यांनी आयुष्यभर पोत्यांनी मोजली होती. ‘वजनात काही मागे राहिलेले दिसत नाही,’ ते नातीला म्हणाले. तिला हसावे की गप्प राहावे, ते कळेना.

मग बाजार रस्ता. इथे अण्णांची चाल बदलली. एका बाजूला खाडीला पाठ लावून उभी असलेली जुनी कौलारू गोदामे, दुसऱ्या बाजूला पेढ्या, अधूनमधून बंद पडलेल्या, चहाच्या दुकानांत आणि कलादालनांत रूपांतरित झालेल्या इमारती. तरीही काही दारांतून तो वास येतच होता. डोळे मिटले तर तुर्भेच. एका दारात त्यांनी वाकून पोत्यातला तुकडा उचलला, मोडला, हुंगला : सुंठ. ओले आले कंद म्हणून ज्या घरांत वर्ज्य, तिथे वाळलेली सुंठ औषधाच्या डब्यात चालते. ती वाळते कुठे, याचा विचार काकूंनी कधी केला नव्हता. इथल्या अंगणांत बायका बसून ती निवडतात, हे ऐकून त्या म्हणाल्या, ‘म्हणजे बाळंतिणींच्या आधी इथल्या बायकांचे हात तिला लागतात.’

दारात दोन हमाल पोती पाठीवर घेत होते. पोते पाठीला लागताना गुडघे किंचित दुमडायचे आणि श्वास सोडत उठायचे, हे तुर्भ्याचा माथाडी जसे करतो अगदी तसेच. अण्णांनी त्यांना नमस्कार केला. त्यांनीही काही न विचारता हात वर केला.

बाराच्या सुमारास ते गुजराती रस्त्यावरील धर्मनाथ जिनालयात पोहोचले. कच्छ-गुजरातेतून व्यापारासाठी आलेल्या श्वेतांबर बांधवांनी उभारलेले हे शुभ्र मंदिर. अण्णांचे घराणे दिगंबर. गाभाऱ्यातील मूर्तीचे तेजस्वी डोळे आणि आंगी पाहून काकू क्षणभर थबकल्या, मग त्यांनी तुर्भ्याहून पुडीत बांधून आणलेल्या तांदळांचे पाच पुंज पाटावर मांडले. पंधरावे तीर्थंकर दोघांचेही तेच. पुजाऱ्याने त्या पुंजांकडे पाहिले, ओळखीचे हसला आणि म्हणाला, ‘महाराष्ट्र?’

मंदिराच्या अंगणात दररोज दुपारी कबुतरांना दाणे घालतात. पाहता पाहता छपरांवरून, कौलांवरून, शिखरावरून शेकडो पाखरे उठली. मंदिराभोवती त्यांचा थवा फिरू लागला, एकदा, दोनदा, आणि मग सगळे अंगण राखाडी पंखांनी भरून गेले. परदेशी पाहुणे हात पसरून उभे होते. नातीच्या तळहातावर एक कबुतर येऊन बसले, तेव्हा तिचा चेहरा पाच वर्षांच्या मुलीसारखा झाला. त्या गडबडीत अण्णा खांबाशी टेकून सदऱ्याच्या आतल्या खिशातील पाकीट चाचपत होते.

पाकिटात ४३,७९२ रुपये होते. मूळ रक्कम १८,४००. त्यावर जुन्या पद्धतीने दरमहा शेकडा आठ आण्यांनी तेवीस वर्षांचे सरळ व्याज २५,३९२. हा हिशेब अण्णांनी नातीकडून करून न घेता स्वतः चोपडीत मांडला होता.

दलालांचे घर चेरळाईच्या बाजूला होते. ही कोकणी माणसांची वस्ती. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांना कोचीच्या राजाने आश्रय दिला. तिरुमल देवस्थानाभोवती ती माणसे रुजली, व्यापारात नावारूपाला आली, पण घरातली भाषा त्यांनी सोडली नाही. या भाषेची एक खूण अ‍ॅम्स्टरडॅमपर्यंत पोहोचलेली आहे. डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड यांनी मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी विद्वानांनी त्या कामी साहाय्य केले. त्यांनी १६७५ साली लिहून दिलेले कोकणी प्रमाणपत्र १६७८ साली निघालेल्या पहिल्या खंडात नागरी लिपीत छापले आहे. त्या काळी छापलेली नागरी अक्षरे युरोपातही दुर्मीळ होती. आपण सांगतो ते खरे आहे, आपण स्वतः पाहून-तपासून सांगतो आहोत, अशी ती साक्ष. नातीने हे वाटेत वाचून दाखवले. अण्णा म्हणाले, ‘खरे आहे असे लिहून देणे सोपे नसते.’ त्यानंतर घर येईपर्यंत ते बोलले नाहीत.

दार दलालांच्या पत्नीने उघडले. त्यांनी ‘उदक’ विचारले, आणि काकूंना एकदम घरी आल्यासारखे वाटले. हा शब्द त्यांनी देवळातल्या पूजेशिवाय कुठे ऐकला नव्हता, इथे तो रोजच्या तांब्यात होता. काकूंच्या हातातील गाळण्याचे वस्त्र पाहून त्या माउलीने काही न विचारता तांब्यावर ते धरले.

दलाल आरामखुर्चीत बसले होते. वय नव्वदीच्या जवळ, अंगावर पांढरे मुंडू, नजर शांत पण दूरची. चाळीस वर्षे ज्यांनी एकमेकांचा केवळ आवाज ओळखला, ते दोघे म्हातारे समोरासमोर बसले. ‘अण्णा?’ दलालांनी विचारले. त्यांच्या भाषेतही थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात. आवाज तोच होता.

अण्णांनी पाकीट पुढे ठेवले आणि सर्व सांगितले. वर्ष, पोती, भाव, लिटरचे माप, काट्याचा काटा कुठे थांबला होता ते. मराठी, हिंदी, कोकणी यांच्या मिश्रणात सांगितले. दलाल लक्षपूर्वक ऐकत होते. शेवटी त्यांनी मान हलवली. ‘मला आठवत नाही,’ ते म्हणाले. ‘मिरी आठवते. तुम्ही आठवता. हे आठवत नाही.’

अण्णा स्तब्ध झाले. तेवीस वर्षे जे ओझे वाहिले, ते ज्याच्या पायाशी ठेवायचे त्याच्याकडे ते घ्यायला जागाच नव्हती. ज्याला अपराध आठवत नाही, त्याने केलेली क्षमा कोणत्या खात्यावर मांडायची? खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होत राहिला.

‘मला आठवते,’ दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

त्यांनी शांतपणे सांगितले. गावच्या शेतकऱ्यांना पतींनी पूर्ण भाव कबूल केला होता आणि तो पूर्णच दिला. कमी पडलेले पैसे घरातून गेले. त्यांच्या दोन बांगड्या गहाण पडल्या, चौदा महिन्यांनी सुटल्या. त्या चौदा महिन्यांत नणंदेच्या मुलीचे लग्न होते, आणि त्या लग्नात त्या पूर्ण बाह्यांचे पोलके घालून वावरल्या. ‘यांनी तुमचे नाव कधी वाईट घेतले नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मी घेतले. पुष्कळदा.’

अण्णा उठले आणि हात जोडून त्यांच्यासमोर उभे राहिले. छापील मजकूर त्यांच्या तोंडात आला नाही. ‘वहिनी, माल चांगला होता. मी खोटे बोललो. मला क्षमा करा,’ एवढेच ते म्हणाले. त्यांच्या शेजारी काकूही हात जोडून उभ्या राहिल्या.

त्या बाईंनी पाकीट उचलले. पैसे बाहेर काढून मोजले, पुन्हा आत ठेवले आणि देवघरात नेऊन ठेवले. ‘नको, नको’ असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. परत येऊन त्यांनी विचारले, ‘तुम्ही सूर्यास्ताआधी जेवता ना? यांच्या ओळखीची गुजराती माणसे तसेच करतात. आता साडेतीन वाजले आहेत. तासाभरात होईल.’

काकू त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेल्या. साडेचार वाजता पाने मांडली गेली. गरम भात, हिंग-मोहरीच्या फोडणीची दाळीतोय, केळफुलाची भाजी, तळलेले केळ्याचे काप. कांदा, लसूण, आले काहीच नव्हते. दलाल अण्णांच्या शेजारी बसले. मध्येच त्यांनी अण्णांना विचारले, ‘तुर्भ्याला आज मिरीचा भाव काय?’ अण्णांनी सांगितला. ‘थांबा,’ दलाल म्हणाले, ‘अजून चढेल.’ अण्णांना हसू आले आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. ताटावरून उठताना काकूंच्या हातात दुसऱ्या हाताने मिरीची एक छोटी पुडी ठेवली गेली. त्या हातात दोन बांगड्या होत्या.

बाहेर पडल्यावर ते यहुदी प्रार्थनामंदिराकडे वळले. १५६८ साली बांधलेल्या या मंदिरात निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या आहेत, प्रत्येक हाताने रंगवलेली, एकीसारखी दुसरी नाही, असे नातीने वाचले होते. तिला त्या फार पाहायच्या होत्या. पण ते पोहोचले तेव्हा दार बंद होत होते. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती, आणि शनिवारी तर ते दिवसभरच बंद असते. तिघे बाहेरूनच १७६० सालचा घड्याळाचा मनोरा पाहत राहिले. त्याच्या तबकड्यांवर वेगवेगळ्या लिपींतले आकडे आहेत. चौदा ठिकाणांपैकी पाचही धड झाली नव्हती. नात यादी काढून पाहू लागली आणि मग तिने ती तशीच बंद केली.

सूर्यास्ताला ते फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर आले. धक्क्यापाशीच असल्याने किनारा सीमेच्या आत आहे की बाहेर, यावर आजी-आजोबांची थोडी चर्चा झाली. काकूंनी तो आत धरला. सहा वाजून गेल्यावर सूर्य पाण्याला टेकला. जेवण आटोपले होते, पाण्याचा शेवटचा घोटही घेऊन झाला होता. आसपास खाद्यपदार्थांच्या गाड्यांवर दिवे लागत होते, दिवस ज्यांचा आता सुरू होत होता ती माणसे येत होती. नातीने विचारले, ‘अण्णा, कल्लिल राहिले याचे वाईट वाटते?’ अण्णांनी थोडा विचार केला. ‘वाटते,’ ते म्हणाले. ‘पण तिथे गेलो असतो तर तीन वाजता चेरळाईत नसतो.’

तुर्भ्याला परतल्यावर ती पुडी काकूंनी डब्यात ओतली नाही. अण्णांनी ती गाळ्यावर नेली, लिटरचे माप मागितले. मूठभर मिरीने मापाचा तळही झाकला गेला नाही. मुलाने विचारले, ‘अण्णा, एवढ्याशा मिरीचे वजन कसे करणार?’ अण्णांनी माप रिकामे केले, एक दाणा दाताखाली फोडला आणि मान डोलावली.

पुढच्या भाद्रपदात नात मोबाइल घेऊन दोनशे संदेशांची तयारी करून बसली. अण्णांनी तिला थांबवले आणि आंतरदेशीय पत्रे आणायला सांगितले. ती सात होती. दोन बाजारातल्या माणसांना, एक सांगलीतील धाकट्या भावाला, एक गाळ्यावरून काढून टाकलेल्या जुन्या दिवाणजीला, आणि उरलेली कोणाला ते त्यांनी सांगितले नाही. सातही पत्रे त्यांनी स्वतः लिहिली. प्रत्येकाला तीन-चार दिवस लागले.